पेशंटबरोबर कोण आहे?

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. आयसीयूच्या बाहेर एका पट्टीला जोडलेल्या तीन लोखंडी खुर्च्या आहेत, त्यातल्या कडेच्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात. मधल्या खुर्चीवर पिशवी. पिशवीत थर्मास, रिपोर्टांची फाइल, एक्स-रेचं मोठं पाकीट आणि आईच्या चष्म्याची डबी. ॲडमिट करताना सिस्टरनी ती डबी आणि दोन बांगड्या तुमच्या हातात दिल्या. बांगड्या तुम्ही रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवल्यात. दार उघडलं की आतला मॉनिटर ऐकू येतो, मिटलं की बंद होतो. तेवढ्या दोन सेकंदांत तुम्ही त्या टिकटिकीची लय मोजून घेता.

रात्र काढायला म्हणून विज्ञानकथांचं एक पुस्तक आणलं होतं. त्यातल्या दवाखान्यात सगळं लख्ख आहे. रोगी आत येतो, काचेच्या नळीत निजतो, दिवा हिरवा होतो, रोगी उठून चालायला लागतो. पुस्तक मिटून तुम्ही पिशवीत ठेवलंत, कारण मनात एक साधा प्रश्न आला. या दवाखान्यात बाहेरचा बाक कुठे आहे? थर्मास घेऊन कोण बसलंय?

चला, जाऊन बघू. दोनशे वर्षांत लोकांनी उद्याच्या वैद्यकाची जी चित्रं काढली, त्या प्रत्येक ठिकाणी रोग्याच्या उशाशी कोण आहे, एवढंच बघायचं. यंत्रं वाटेत दिसतीलच.

अंगावर काटा येतो तो थंडीने. जून महिना आहे, तरी थंडी आहे. साल १८१६, जिनिव्हाच्या सरोवराकाठचं एक मोठं घर. बाहेर पाऊस थांबत नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, आणि त्याने वर फेकलेल्या धुळीने युरोपचा हा उन्हाळाच खाऊन टाकलाय. तुम्ही शेकोटीजवळ सरकता. कवी बायरन बोलतोय, त्याचा तरुण डॉक्टर पोलिडोरी बोलतोय, कवी शेली बोलतोय. मेलेलं शरीर विजेने पुन्हा हलवता येईल का, असा विषय आहे. कल्पना हवेतली नाही. १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये अल्दिनी नावाच्या इटालियन प्राध्यापकाने फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या होत्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात वर उचलला गेला. पाहणारे हबकले.

पण तुम्ही बोलणाऱ्यांकडे बघू नका. त्या कडेला बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीकडे बघा. ती गप्प बसून ऐकतेय. तिचं नाव मेरी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला दिवस भरायच्या आत मुलगी झाली आणि दोन आठवड्यांच्या आत ती गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेरीने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं: बाळ गेलं नव्हतं, नुसतं गार पडलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. आत्ता तिचं दुसरं मूल पाच महिन्यांचं आहे. ‘फ्रँकेनस्टाइन’ ही तिची कादंबरी विजेच्या प्रयोगांतून जन्मली असं सगळे सांगतात. मला विचाराल तर ती त्या शेकोटीपाशी चोळलेल्या बाळातून जन्मली.

१८१८ च्या जानेवारीत पुस्तक छापून आलं, लेखिकेच्या नावाशिवाय. ते उघडा आणि नोव्हेंबरच्या त्या रात्रीच्या प्रसंगात शिरा. मेणबत्ती विझत आलीय. टेबलावरचं धूड डोळे उघडतं. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन हा विद्यार्थी आहे, दोन वर्षं या क्षणासाठी त्याने अन्न-झोप सोडलेली आहे. आणि आता तो काय करतो? खोलीतून पळतो. ते जीव धरलेलं शरीर त्याच्या मागोमाग त्याच्या बिछान्यापाशी येतं, पडदा बाजूला करतं, एक हात पुढे करतं. व्हिक्टर पुन्हा पळतो, थेट खाली अंगणात, आणि रात्र तिथेच काढतो.

ऑपरेशन यशस्वी झालं होतं. नंतरच्या रात्री उशाशी बसायला कोणी थांबलं नाही, पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. आणि पुढची दोन पानं वाचा, ती बहुतेक सिनेमांनी गाळून टाकली. व्हिक्टर स्वतः तापाने अंथरूण धरतो, महिनोन्‌महिने. त्याचा मित्र क्लेर्व्हाल एकटा त्याची शुश्रूषा करतो. मेरीने हे दोन आजारी एकमेकांशेजारी मुद्दाम ठेवलेत, असं मला पक्कं वाटतं. एकाला क्लेर्व्हाल मिळाला, दुसऱ्याला कोणी नाही.

जाता जाता अमेरिकेतल्या मिनियापोलिसजवळच्या एका थिएटरात डोकावा. पडद्यावर १९३१ चा ‘फ्रँकेनस्टाइन’ चाललाय, आणि अर्ल बॅकेन नावाचा एक लहान मुलगा त्या विजेच्या ठिणग्यांकडे डोळे विस्फारून बघतोय. मोठा होऊन तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर होणार. १९५७ मध्ये त्या शहरात वीज जाईल, भिंतीच्या प्लगवर चालणारे पेसमेकर बंद पडतील, आणि सर्जन लिलेहाय त्याला बॅटरीवर चालणारं काहीतरी करून द्यायला सांगतील. बॅकेन चार आठवड्यांत, छातीवर बांधून फिरता येईल एवढी डबी करून देईल. सिनेमातल्या विजेने आपल्याला हा रस्ता दाखवला, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

आता जमिनीखाली उतरा. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरासारखी षट्‌कोनी खोली. खिडकी नाही, दिवा नाही, तरी उजेड आहे. खुर्चीत एक पांढरीफटक, मऊ पडलेली बाई बसलीय, वाश्ती तिचं नाव. हे ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेतलं जग, आणि कथा १९०९ ची आहे. हे साल दोनदा वाचा, कारण वाश्तीच्या हातात एक गोल तबकडी आहे, ती निळसर उजळते आणि तिच्यात पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला राहणारा तिचा मुलगा कुनो दिसतो. तो म्हणतो, मला तुला यंत्रातून बघायचं नाही, तू ये. ती म्हणते, पण तू तर दिसतोयस मला.

तिला बरं वाटेनासं होतं. तेवढं तिने नुसतं म्हणायचा अवकाश, छतातून एक अवाढव्य यंत्र तिच्या अंगावर उतरतं. तोंडात थर्मामीटर आपोआप, छातीवर स्टेथोस्कोप आपोआप, कपाळावर गार पट्ट्या आपोआप. मुलाने तिकडून तिच्या डॉक्टरला तार केलेली असते. तो डॉक्टर खोलीत येतच नाही. तुम्ही खोलीत उभे आहात म्हणून तुम्हाला दिसतं, की त्या पट्ट्या अगदी योग्य गार आहेत. कुठेही कसर नाही.

एकच बाजूचा प्रसंग दाखवतो. हवाई जहाजातून जाताना वाश्तीचा तोल जातो, सेविका हात पुढे करून तिला सावरते. वाश्ती संतापते, कारण माणसाने माणसाला शिवायची रीतच त्या जगातून उठलेली आहे. सेविका ओशाळते, पडू द्यायला हवं होतं म्हणून माफी मागते.

फॉर्स्टर पुढे १९२१ मध्ये आपल्याकडच्या माणसांत येऊन राहिला. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून त्याने काही महिने काम केलं, मराठा घराण्याच्या त्या वाड्यातली गोकुळाष्टमी बघितली. त्या गर्दीत, गुलालात, एकमेकांच्या अंगावर पडणाऱ्या माणसांत उभं राहून त्याला आपली ती षट्‌कोनी खोली आठवली असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं. आणि पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या, मुलगा न्यू जर्सीत असलेल्या कितीतरी आईवडिलांना मी ओळखतो. मुलगा तिथून डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो, औषधं घरपोच मागवतो, रोज रात्री स्क्रीनवर दिसतो. त्याची तळमळ खरी असते. तारही खरी असते.

पुढचा मुक्काम लंडनमधला साठ मजल्यांचा मनोरा. ऑल्डस हक्स्लीच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ मधलं, मरणाऱ्यांसाठी बांधलेलं इस्पितळ. या कादंबरीची पहिली प्रकरणं सगळ्यांना ठाऊक असतात: बाटल्यांतून माणसं उबवण्याचा कारखाना, ‘आई’ हा शब्दच अश्लील. शरीराबाहेर गर्भ वाढवायची कल्पना हक्स्लीच्या आधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडली होती, हेच पुढे भारताचे नागरिक झालेले हाल्डेन. पण आपण ती प्रकरणं सोडून चौदाव्यात जाऊ, वॉर्डमध्ये.

वीस खाटा. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टीव्ही, सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. हवेत सुगंध, तोही दर थोड्या वेळाने बदलणारा. दुखणं कुणालाच नाही, गोळ्यांनी सगळे तरंगताहेत. एका खाटेवर लिंडा पडलीय, आणि तिचा मुलगा जॉन तिचा हात हातात घेऊन बसलाय. त्या जगात मुलाने आईच्या उशाशी बसणं कुणी पाहिलेलंच नाही. सारख्या चेहऱ्याची, खाकी कपड्यांतली आठ-आठ वर्षांची मुलं मरण म्हणजे मजा हे शिकायला वॉर्डात आणलेली आहेत, ती लिंडाकडे बोट दाखवून हसतात. लिंडा जाते. जॉन गुडघ्यावर बसून हुंदके देऊन रडतो. नर्स घाबरते ती या रडण्याला, कारण मुलांना वाईट वळण लागेल. ती मुलांना चॉकलेटचे केक वाटायला लागते.

मी हे पान जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुस्तक खाली ठेवावं लागतं. तिथे वैद्यक हरलेलं नाही. वेदना नाही, अस्वच्छता नाही, खाटेची टंचाई नाही. तरी त्या वॉर्डमध्ये शहाणा माणूस एकच आहे, आणि तो रडतोय.

आता परळला उतरा. ६ ऑगस्ट १९८६, केईएम हॉस्पिटल. बाहेर श्रावणाच्या तोंडचा पाऊस. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून इथे एक मुलगी जन्माला आलीय. तिचा गर्भ काचेच्या बशीत धरला होता. शेजारच्याच संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार या कामात बरोबर होते. याआधी, ऑक्टोबर १९७८ मध्ये, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांच्या टिपणवह्या वाचून, पहिला मान माझा नाही त्यांचा, असं जाहीरपणे सांगणारे पुढे हेच आनंद कुमार. विज्ञानातल्या मोठेपणाची याहून मोठी गोष्ट मला ठाऊक नाही.

हक्स्लीला भीती वाटली ती बाटली हीच. पण केईएमच्या कॉरिडॉरमध्ये बघा. गर्भ बशीत दोन-तीन दिवस राहिला आणि मग आईकडे गेला. इथे आई आहे, बाप आहे, गर्दी आहे. डोहाळजेवण राहिलं म्हणून हळहळणारी कुणी मावशी असेल. ती मुलगी २०१६ मध्ये स्वतः आई झाली.

गेटबाहेर पडा. पलीकडेच टाटा मेमोरियल. फूटपाथवर चटया टाकून लोक निजलेत, गावाहून पेशंटला घेऊन आलेले. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाला येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आजारी माणसाबरोबर येणाऱ्याला पाठ टेकायला जागा लागते, हे झाडू हातात घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाला कळलं होतं. दोनशे वर्षांतल्या भविष्यकथांत अशी धर्मशाळा मला अजून सापडलेली नाही.

मागे या, १९६६ ला. या वर्षी पडद्यावर दोन दवाखाने उघडले. ‘फॅन्टास्टिक व्हॉयेज’ मध्ये एक पाणबुडी जंतूएवढी लहान करून एका शास्त्रज्ञाच्या रक्तात सोडलीय, मेंदूतली गुठळी आतून फोडायला. वेळ साठ मिनिटं. तुम्ही पाणबुडीच्या काचेशी बसला आहात, बाहेर तांबड्या पेशी दिव्यांच्या माळांसारख्या वाहताहेत. सात वर्षांपूर्वी, डिसेंबर १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या भाषणात रिचर्ड फाइनमन यांनी मित्राची एक कल्पना सांगितली होती: सर्जनच गिळता आला तर किती बरं! पाणबुडी म्हणजे तेच. पण वर टेबलावर पडलेल्या माणसाचा विचार करा. तो सबंध वेळ बेशुद्ध आहे. बाहेर कॉफी पीत घड्याळ बघणारे लष्करी अधिकारी आहेत, त्याच्या घरचं कोणी नाही.

गिळायचा सर्जन आला नाही, गिळायचा डोळा मात्र आला. क्षेपणास्त्रांना डोळे बसवणाऱ्या गाव्रिएल इदान या इस्रायली इंजिनिअरने अकरा मिलिमीटर जाड आणि सव्वीस मिलिमीटर लांब कॅप्सूलमध्ये कॅमेरा बसवला, २००० साली ते जगाला कळलं. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी ती कॅप्सूल गिळली. कमरेला रेकॉर्डरचा पट्टा, त्यावर लुकलुकणारा निळा दिवा, सेकंदाला दोन फोटो, आठ तास. मी समोर बसून होतो. मधेच ते म्हणाले, “आता कुठवर गेली असेल रे?” मी अंदाजाने त्यांच्या पोटावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट धरलं आणि तसंच धरून ठेवलं, निजेपर्यंत. त्या हजारो फोटोंत काय निघालं ते फाइलमध्ये आहे. मला ते बोट आठवतं.

दुसरा दवाखाना ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतला. डॉक्टर मकॉय हातातली चकचकीत उपकरणं रोग्यावरून फिरवतात आणि निदान होतं. एका भागासाठी मिठाच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या इतक्या नव्या घाटाच्या निघाल्या की मिठाच्या वाटेनात, म्हणून त्यांचीच डॉक्टरांची उपकरणं झाली. त्यांच्या ‘ट्रायकॉर्डर’ या निदानयंत्राने इंजिनिअरांच्या दोन पिढ्यांना झपाटलं. घरात वापरता येईल असं, सव्वादोन किलोहून हलकं, डझनभर दुखणी ओळखणारं यंत्र करा, म्हणून २०१२ मध्ये जागतिक स्पर्धा लागली. २०१७ मध्ये पहिली आलेली टोळी कुठल्या बड्या कंपनीची नव्हती, पेन्सिल्व्हेनियातला एक इमर्जन्सीचा डॉक्टर आणि त्याची भावंडं मिळून ती होती. बक्षीस मिळालं, सगळ्या कसोट्या मात्र कुणीच पार करू शकलं नाही.

मकॉय मला आवडतात ते त्यांच्या यंत्रामुळे नाही. १९८६ च्या सिनेमात ते भूतकाळात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका इस्पितळात येतात. घाई आहे, मित्राला सोडवायचंय. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर एक म्हातारी एकटी पडलीय. ते थांबतात, काय होतंय म्हणून विचारतात. ती म्हणते, डायलिसिस. ते हळहळतात, एक गोळी देतात, आणि पुढे तिला नवी किडनी फुटते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या खुर्चीत बसलेल्या, आणि त्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या कुणालाही विचारा, ही गोळी म्हणजे काय ते. ती येईतोवर आपल्या हाताशी आहे ते मकॉयचं थांबणं.

शेवटचा मुक्काम, आणि इथे यायला मला जड जातंय. मे २०२०, कोविडची साथ, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान, पांढऱ्या मंडपाखाली रांगेने खाटा. खरा ट्रायकॉर्डर तुम्ही इथेच बघता: बोटाला लावलेला ऑक्सिमीटरचा चिमटा, त्यावर लाल आकडा, ९१, ९०, ९१. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७० च्या दशकात त्याचं तत्त्व शोधलं. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, त्यांचा चिमटा साऱ्या जगात घरोघरी शोधला जात असताना. पुढच्या वर्षी तो आपल्या देवघराशेजारच्या फळीवर येऊन बसला, आजीच्या बोटाला लावायला.

मंडपात बाक नाही. बाहेर कुणालाच बसू देत नाहीत. खाटेशी पीपीई किट घातलेली एक सिस्टर उभी आहे, छातीवर मार्करने स्वतःचं नाव लिहिलेलं, कारण चेहरा दिसत नाही. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन. फोन उजळतो, त्यात मुलगा दिसतो. तुम्ही ही तबकडी पाहिली आहे, १९०९ मध्ये, जमिनीखाली. मुलगा “बाबा, बाबा” म्हणतो. बाबांना मास्कमुळे बोलता येत नाही. सिस्टर दुसऱ्या हाताने, दोन-दोन ग्लोव्ह्‌ज चढवलेल्या हाताने, त्यांच्या कपाळावरून हात फिरवते आणि फोनमध्ये सांगते, “हात फिरवतेय मी त्यांच्या डोक्यावरून. तुम्ही बोला.” फॉर्स्टरच्या यंत्रापाशी एवढंच नव्हतं.

दार उघडतं. मॉनिटर ऐकू येतो. चार वाजून गेलेत, थर्मासमधला चहा कोमट झालाय. दारात सिस्टर उभी आहे, हातात पॅड.

“सात नंबरच्या पेशंटबरोबर कोण आहे?”

तुम्ही उठता. पाय आखडलेत.

“मी आहे.”

“जाग आलीय त्यांना. चष्मा मागताहेत.”

तुम्ही पिशवीतून डबी काढता, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसता, आणि दाराबाहेर चपला काढून ठेवता.